हात कुठे गेला? किर्शनरच्या एका आत्मचित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर यानं १९१५ मध्ये स्वतःला सैनिकाच्या वेषात रंगवलं. चित्राचं नाव 'सैनिकाच्या वेषातलं आत्मचित्र' (Self-Portrait as a Soldier). रसग्रहणाच्या गप्पांमध्ये मी हे चित्र पडद्यावर लावते तेव्हा आधी शांतता पसरते, मग चुळबुळ सुरू होते, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "हात कुठे गेला?" त्यानंतरचे प्रश्नही बहुतेक ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाचायच्या आधी मोबाइलवर चित्र शोधून समोर ठेवा. चित्र न बघता नुसती उत्तरं वाचलीत तर तुमच्या हाती माझं मत पडेल, चित्र नाही.

चित्रात नेमकं काय दिसतं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी वेळा विचारला जातो, म्हणून मीच आधी घेते. चित्र मोठं नाही. सव्वादोन फूट उंच आणि दोन फूट रुंद असा तैलरंगातला कॅनव्हास आहे. पुढे निळा गणवेश आणि टोपी घातलेला एक माणूस. चेहरा लांबट, चिंचोळा, पिवळट. ओठांत सिगारेट लोंबते आहे. डोळ्यांच्या जागी नुसते गडद आकार आहेत, बुबुळं नाहीत. एक हात वर उचललेला, आणि तो मनगटापाशी छाटलेला, टोकाला लाल. मागे एक नग्न स्त्री उभी आहे. तिच्या आजूबाजूला स्टुडिओतले कॅनव्हास असावेत असे रंगांचे तुकडे आहेत.

एवढं सांगून थांबायचं. "दुःखी माणूस", "युद्धाची भीषणता" हे शब्द अजून उच्चारायचे नाहीत. ते चित्रात दिसत नाहीत, आपण ते आपल्या खिशातून काढतो. गप्पांना येणाऱ्यांना मी पहिली पाच मिनिटं फक्त नामं आणि रंग बोलायला सांगते. फार अवघड जातं. साधारण दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी "वेदना" म्हणतं.

'अभिव्यक्तिवाद' म्हणजे काय? चेहरा पिवळा का?

थोडक्यात सांगायचं तर, वस्तू कशी दिसते यापेक्षा ती मनाला कशी लागते हे रंगवण्याचा हट्ट. १९०५ मध्ये ड्रेस्डेन शहरात वास्तुकला शिकणाऱ्या चार मुलांनी एक गट काढला. किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल. गटाचं नाव 'ब्र्युके', म्हणजे पूल. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांच्यापैकी बहुतेकांकडे नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. लाकडी ठोकळे कोरून छापे काढायचे, स्टुडिओत मॉडेलला फार वेळ एका जागी न बसवता भराभर रेखाटायचं, ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरची कोरीव कामं बघायची, असा सगळा कारभार.

त्या ठोकळ्यांची सवय या चित्रातही दिसते. लाकडात सुरीनं मऊ वळण काढणं कठीण असतं, रेघ टोकदार येते. किर्शनरचा ब्रशही इथे सुरीसारखा चालतो. गाल, नाक, खांदे सगळं कोनात कापलेलं आहे. भाव तिथे आहे. चेहऱ्यावर अश्रू नाहीत, तोंड वासलेलं नाही, तरी बघणाऱ्याला अस्वस्थ वाटतं, कारण डोळ्याला टेकायला एकही गोल जागा मिळत नाही.

पिवळ्या चेहऱ्याबद्दल म्हणाल तर त्वचेचा रंग दाखवणं हा हेतूच नाही. निळ्या गणवेशाशेजारी पिवळा ठेवला की तो आजारी दिसतो. तोच पिवळा हिरव्यागार शेताशेजारी ठेवा, सरसों फुललेली वाटेल. 'पिवळा म्हणजे भीती, लाल म्हणजे राग' असे तक्ते इंटरनेटवर फिरतात. ते भिंतीचा रंग निवडायलाही फारसे उपयोगाचे नाहीत. रंगाला शेजार असतो, अर्थ त्या शेजारातून येतो.

किर्शनरचा हात युद्धात तुटला होता का?

नाही. दोन्ही हात शाबूत होते. इतकंच काय, तो आघाडीवर गेलाच नाही.

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा किर्शनर बर्लिनला राहत होता. सक्तीची भरती आपल्यालाही गाठणार हे दिसत होतं. स्वतःहून नाव दिलं तर कुठल्या दलात जायचं हे थोडंफार ठरवता येई, म्हणून त्यानं नाव दिलं आणि १९१५ मध्ये हाले शहरातल्या तोफखान्याच्या तुकडीत प्रशिक्षणासाठी दाखल झाला. कवायत, घोडे, हुकूम. काही महिन्यांतच तो शरीरानं आणि मनानं कोलमडला. त्याचा वरिष्ठ हान्स फेर हा चित्रकलेचा जाणकार निघाला, हे त्याचं नशीब. त्याच्या मदतीनं सुटका झाली आणि पुढे क्योनिगश्टाइनच्या आरोग्यधामात उपचार सुरू झाले. चित्र याच वर्षातलं आहे.

हात शाबूत होता हे कळलं की काही लोकांचा चक्क हिरमोड होतो. "म्हणजे खोटंच की!" असं एक आजोबा मला म्हणाले होते. पण चित्रातच बघा ना: ताजा घाव आहे, पट्टी नाही, आणि माणूस तोंडात सिगारेट धरून सरळ उभा आहे. हे घडलेल्या प्रसंगाचं चित्र नाही, एवढं चरित्र न वाचताही कळतं.

मग तुटलेला हात कशाचं प्रतीक आहे?

सगळ्यांत मोठा प्रश्न हाच, आणि घाई केली तर हमखास चुकणारा.

'प्रतीक' म्हटलं की आपण कुलूप-किल्ली शोधायला लागतो. हात म्हणजे अमुक, लागली किल्ली, झालं. त्याऐवजी मी विचारते, हा हात आधी काय करत होता? याचं उत्तर किर्शनरच्याच दुसऱ्या एका चित्रात सापडतं. १९१० च्या सुमाराचं 'मॉडेलसह आत्मचित्र' हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहे. (त्यानं ते १९२६ मध्ये पुन्हा हाताळलं, म्हणून तारीख दुहेरी लिहितात.) त्यात तोच माणूस नारिंगी-निळ्या पट्ट्यांच्या झग्यात उभा आहे, तोंडात पाइप, मागे मॉडेल बसलेली, आणि हातात जाडजूड ब्रश. मांडणी जवळजवळ तीच. पुढे चित्रकार, मागे बाई, तोंडात धूर.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. झग्याच्या जागी गणवेश आला, पाइपच्या जागी सिगारेट आली, आणि जिथे ब्रश होता तिथे काहीच नाही. ब्रश काढून घेतला असं त्यानं दाखवलं नाही, ब्रश धरणारा पंजाच काढून टाकला. म्हणून माझ्या मते या हाताचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: आता चित्र काढता येणार नाही. आपल्या भाषेत हे समजावून सांगायचीही गरज पडत नाही. आधाराच्या माणसाला आपण 'उजवा हात' म्हणतो, हतबल झालो की 'हात टेकले' म्हणतो.

यावर दुसरे अर्थ रचता येतात. नग्न स्त्री आणि छाटलेला अवयव एकाच चौकटीत असल्यामुळे अनेक समीक्षक याला पौरुष गमावण्याची भीती म्हणतात. मला तो अर्थ नाकारावासा वाटत नाही, पण पहिल्या पायरीवर ठेवावासाही वाटत नाही. तिसरा अर्थ गप्पांमध्ये एका निवृत्त फौजी गृहस्थांनी सुचवला. लढाई टाळण्यासाठी सैनिक स्वतःच्या हाताला इजा करून घेत, हे त्या युद्धात घडत होतं. मग हा हात घरी परतण्याचं तिकीटही असू शकतो. 'जिवावरचं बोटांवर निभावलं' असं आपण म्हणतो ना? हे ऐकल्यापासून मला त्या वर उचललेल्या हातात दोन गोष्टी एकदम दिसतात. "बघा माझं काय केलंत" आणि "आता तरी सोडा". त्याच्या मनात नक्की काय होतं ते सिद्ध करता येणार नाही, पण हात लपवलेला नाही, वर धरलेला आहे, हे चित्रात आहे.

शाहिस्तेखानाच्या बोटांचा उल्लेख दर वेळी कुणीतरी करतंच. करू द्यावा. लाल महालातली ती बोटं आपल्या मनात फजितीची खूण म्हणून बसली आहेत. म्हणजे तुटलेल्या हाताचा अर्थ सगळीकडे एकच नसतो, हे त्यातून आपोआपच कळतं.

पुढे त्याचे हात खरंच लुळे पडले म्हणतात. मग ही भविष्यवाणी नाही का?

हातापायांत लुळेपणा आला होता, हे खरं. १९१७ च्या आसपास मद्य, झोपेची औषधं, मॉर्फिन आणि ढासळलेलं मन या सगळ्यांत त्याची फार वाईट अवस्था होती. नंतर तो स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ डोंगरात राहायला गेला आणि पुन्हा वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिला.

पण १९१७ चं दुखणं १९१५ च्या चित्रात शोधणं म्हणजे निकाल लागल्यावर पत्रिका मांडणं. चित्र काढणाऱ्या माणसाला पुढचं ठाऊक नव्हतं. त्याला फक्त भीती होती, आणि रंगवलेली आहे ती भीतीच.

डोळे रिकामे का आहेत?

आत्मचित्र काढणारा माणूस आरशात बघत असतो, त्यामुळे आत्मचित्रात सहसा डोळे सगळ्यांत जिवंत असतात. इथे नेमके तेच विझवले आहेत. चित्रकाराला लागतात दोन गोष्टी, हात आणि डोळा. दोन्ही गेल्या. हाताचं लक्षात येतं कारण तिथे लाल रंग आहे. डोळ्यांचं पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं, आणि ज्यांच्या येतं ते जरा गप्पच होतात.

मला स्वतःला हातापेक्षा डोळे जास्त छळतात. हात तुटला असं तो ओरडून सांगतो, डोळ्यांबद्दल बोलतच नाही.

मागे नग्न बाई कशासाठी? हे अश्लील नाही का?

ती त्याची मॉडेल आहे. किर्शनरच्या स्टुडिओत नग्न मॉडेल ही रोजची गोष्ट होती. सुताराच्या चित्रात मागे लाकूड दिसावं तशी ती इथे आहे. तिच्या जागी फुलदाणी असती तर 'काम थांबलं' एवढंच कळलं असतं. जितं माणूस तिथे उभं आहे आणि तो पाठ करून उभा आहे, त्यामुळे तुटलेपण वाढतं. तो तिच्याकडे बघत नाही, बघू शकेल असे डोळेही त्याला नाहीत.

आता जरा वेगळी हकीकत. हे चित्र फ्रँकफुर्टच्या संग्रहालयात होतं. १९३७ मध्ये नाझी सरकारनं जर्मनीतल्या संग्रहालयांमधून आधुनिक चित्रं जप्त केली. एकट्या किर्शनरच्या ६३९ कलाकृती गेल्या. त्यांतल्या निवडक कृती, इतर चित्रकारांच्या कृतींसोबत, म्यूनिकमध्ये 'भ्रष्ट कला' नावाच्या प्रदर्शनात टिंगल करण्यासाठी टांगल्या. हे चित्रही तिथे होतं. फक्त नाव बदललं होतं: 'सैनिक आणि वेश्या'.

एका शब्दानं काय केलं बघा. 'आत्मचित्र' गेलं, म्हणजे समोर चित्रकार उभा आहे हेच पुसलं. मॉडेलची वेश्या झाली. स्टुडिओचा कुंटणखाना झाला. उरला काय, तर जर्मन सैनिकाचा अपमान. रंगाचा एक ठिपकाही न हलवता चित्राचा अर्थ फिरवता येतो, याचं याहून धडधडीत उदाहरण मला माहीत नाही. तेव्हापासून कुठल्याही प्रदर्शनात मी चित्राखालची पाटी शेवटी वाचते.

किर्शनरनं १५ जून १९३८ रोजी दावोसजवळच्या फ्राउएनकिर्शमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो ५८ वर्षांचा होता.

खांद्यावर ७५ आकडा आहे. त्यात काही गूढ?

काही नाही. तो त्याच्या तोफखाना तुकडीचा क्रमांक आहे. गंमत एवढीच की चेहरा, हात, खोली सगळं मोडलेलं आहे आणि आकडा मात्र स्वच्छ वाचता येतो.

आणि सिगारेट?

ओठांत लोंबते, कारण ती धरायला... असो, तुमच्या लक्षात आलं असेल.

व्हॅन गॉगच्या कापलेल्या कानाशी याचा संबंध आहे का?

असू शकतो. १९०५ मध्ये ड्रेस्डेनच्या आर्नोल्ड गॅलरीत व्हॅन गॉगची चित्रं लागली होती आणि ब्र्युकेच्या मुलांवर त्यांचा मोठा परिणाम झाला होता. जखमी चित्रकारानं स्वतःला रंगवायचं, ही कल्पना व्हॅन गॉगनं १८८९ मध्ये कानाला पट्टी बांधलेल्या चित्रांत आधीच करून ठेवली होती. फरक मात्र मोलाचा आहे. व्हॅन गॉगची जखम खरी होती आणि चित्रात ती पट्टीखाली झाकलेली आहे. किर्शनरची जखम घडलेलीच नव्हती आणि ती उघडी आहे.

आपली रससिद्धांताची भाषा इथे वापरता येईल का? की ते ओढूनताणून होईल?

रससिद्धांत ज्यातून आला ते भरताचं नाट्यशास्त्र रंगभूमीसाठी लिहिलेलं आहे आणि किर्शनरनं ते समोर ठेवून ब्रश उचलला नव्हता, एवढं भान ठेवलं तर भिंग म्हणून ते झकास चालतं.

गणवेश म्हणजे वीररसाचा पोशाख. वीराचा स्थायीभाव, म्हणजे मुळातला भाव, उत्साह; आणि तो या माणसात औषधालाही नाही. म्हणजे पोशाख एका रसाचा आणि शरीर दुसऱ्याच. मग भयानक म्हणावं? भयाचे अनुभाव (म्हणजे भाव बाहेर दाखवणाऱ्या खुणा): पळणं, थरथरणं, इकडेतिकडे बघणं. इथे तेही नाही. करुण म्हणावं तर विलाप नाही. इथे वर्गात वाद पेटतो, आणि तो पेटलेला मला आवडतो.

माझा कल आठ सात्त्विक भावांकडे जातो. त्यांत 'स्तंभ' आहे, म्हणजे शरीर खिळून जाणं. आणि 'वैवर्ण्य' आहे, म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं. चेहरा पिवळा का, याचं वर दिलेलं उत्तर रंगांच्या शेजारावर होतं. त्याच चेहऱ्याला हा शब्द किती नेमका बसतो ते बघा. सात्त्विक भाव आपोआप होतात, ठरवून करता येत नाहीत, असं मानलं जातं. अभिव्यक्तिवाद्यांना चित्रात नेमकी हीच न ठरवता फुटणारी गोष्ट हवी होती. अर्थात तीसुद्धा ठरवूनच रंगवावी लागते, ही त्यांची कायमची अडचण.

चित्रकारानं स्वतः काय म्हटलंय तेच खरं मानलं तर वाद मिटत नाही का?

किर्शनरच्या बाबतीत तर मुळीच नाही. या गृहस्थांनी १९२० पासून लुई द मार्साल नावाच्या एका फ्रेंच समीक्षकाच्या नावानं स्वतःच्याच चित्रांवर कौतुकाचे लेख लिहिले. असा कुणी समीक्षक जगात नव्हताच. शिवाय काही चित्रांवर त्यानं जुन्या तारखा घातल्या, म्हणजे आपण इतरांच्या आधी पोचलो असं दिसावं. त्याची पत्रं, टिपणं जरूर वाचावीत, पण लग्नाच्या बायोडेटाइतक्याच विश्वासानं.

आयुष्य माहीत नसेल तर चित्र कळतच नाही का?

मी आधी चित्र दाखवते, चरित्र नंतर. उलट केलं तर लोक चित्रात फक्त चरित्राचे पुरावे गोळा करतात. पण चरित्र अजिबातच नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. तो आघाडीवर गेला नव्हता हे कळल्यावर चित्र बदलतं. तोवर ते युद्धाच्या जखमेचं चित्र वाटत असतं, मग ते युद्धाच्या धास्तीचं होतं. तेव्हा चित्रात काय आहे, चित्रकाराचं काय झालं आणि नंतर लोकांनी चित्राचं काय केलं, हे तीन डबे वेगळे ठेवा. एकातलं दुसऱ्यात ओतलं की सगळ्याचा काला होतो.

मला हे चित्र बघून काहीच वाटलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

अजिबात नाही. पडद्यावरचं किंवा मोबाइलवरचं चित्र पुष्कळदा मुकंच राहतं. दोन दिवसांनी पुन्हा बघा. तरीही काही झालं नाही तर दुसरं चित्र बघा. किर्शनर कुणाच्या पंक्तीला बसलाच पाहिजे असं नाही.

एकाच चित्राचे इतके अर्थ. मग कुठलाही अर्थ चालतो?

नाही चालत. नाझींचा अर्थ चालत नाही, आणि तो फक्त ते दुष्ट होते म्हणून नव्हे. स्टुडिओ, मॉडेल, चित्रकाराचा स्वतःचा चेहरा या चित्रातल्या गोष्टींकडे दुर्लक्ष केल्याशिवाय तो अर्थ उभाच राहत नाही. माझी कसोटी एवढीच: तुमच्या अर्थात चित्रातला किती भाग मावतो? फौजी गृहस्थांचा अर्थ हाताला लागू पडतो, डोळ्यांना पडत नाही. 'चित्र काढता येणार नाही' हा अर्थ हात, डोळे, पाठीमागे राहिलेली मॉडेल या तिघांनाही कवेत घेतो, म्हणून मी तो पुढे ठेवते. उद्या कुणी सिगारेट आणि ७५ आकड्यासकट सगळं मावेल असा अर्थ आणला तर मी आनंदानं बाजूला होईन.

या जर्मन चित्राचा आपल्याशी काय संबंध?

हा प्रश्न जरा नाराजीच्या सुरात येतो, आणि उत्तर ऐकून लोक चकित होतात. संबंध आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉन ग्रिफिथ्स नावाचे शिक्षक होते. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. लेण्यांतल्या अंधारात, वटवाघळांच्या सोबतीनं वर्षानुवर्षं चाललेलं काम ते. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनला आगीत जळाल्या, पण १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन मोठे सचित्र खंड छापून आले. तेच खंड ड्रेस्डेनला किर्शनरच्या हाती पडले. तो अक्षरशः वेडावला. त्यानं अजिंठ्याच्या आकृतींवरून रेखाटनं केली, आणि १९१०-११ च्या सुमारास त्याच्या स्त्रियांना जी भरदार गोलाई आली तिच्यात अजिंठ्याचा वाटा आहे. जे. जे.च्या पोरांनी मराठवाड्यातल्या डोंगरात बसून काढलेली वळणं जर्मनीत पोचली ती अशी. आता १९१५ च्या चित्रातली ती मागची स्त्री पुन्हा बघा. कोनात कापलेली, ताठ. अजिंठ्याची गोलाई आटली आहे. हे मला आधी दिसलं नव्हतं, ग्रिफिथ्सची कथा कळल्यावर दिसलं. आता न दिसणं शक्य नाही.

दुसरी बाजू. ज्या राजवटीनं या चित्राचं नाव बदललं तिच्यापासून दूर पळालेली काही माणसं मुंबईला आली. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. रूडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहू लागले. व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेऊ लागले. १९४७ मध्ये निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधल्या तरुणांना, म्हणजे सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांना, या तिघांच्या घरात युरोपीय चित्रांवर बोलायला जागा मिळाली आणि खिशाला थोडा आधारही.

त्यांतला फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचा, जन्म १९२४. छोडो भारत चळवळीच्या पायी जे. जे.मधून काढून टाकलेला. त्याची माणसं बघितलीत तर जाड काळी रेघ, कपाळापर्यंत चढलेले डोळे, करवतीसारखे दात. लंडनच्या टेट संग्रहालयात त्याचं १९५९ मधलं 'क्रूसारोहण' आहे. त्यातला ख्रिस्त इतका काटेरी आहे की करुणा वाटायच्या आधी धडकी भरते. हे किर्शनरचं अनुकरण नव्हे. गोव्याच्या चर्चमधले रंगवलेले लाकडी संत आणि रक्ताळलेला क्रूस सूझानं लहानपणीच पाहिला होता, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पण किर्शनरसमोर दहा मिनिटं घालवून मग सूझाकडे गेलात, तर "हे असं विद्रूप का काढलंय?" हा प्रश्न निदान वेगळ्या आवाजात विचाराल.

परीक्षेत रसग्रहण लिहायचं असेल तर?

वर्णन जास्त, विशेषणं कमी. 'मनाला भिडणारे', 'अंतर्मुख करणारे' ही दोन विशेषणं खोडून टाका आणि मग काय उरतं ते पाहा.

हे चित्र प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ओबर्लिन या छोट्या गावात, ओबर्लिन कॉलेजच्या ॲलन मेमोरियल आर्ट म्यूझियममध्ये. १९५० पासून ते तिथे आहे. क्लीव्हलँडहून गाडीनं तासाभरात पोचता येतं आणि संग्रहालयाला तिकीट नाही. क्लीव्हलँडकडे मुलाकडे किंवा पुतणीकडे जाणारे बरेच मराठी आईवडील नायगारा बघून परततात, त्यांनी एक दुपार इकडे काढायला हरकत नाही. जोडीचं १९१० चं चित्र मात्र हॅम्बुर्गला आहे, त्यामुळे ते मोबाइलमध्ये घेऊन जा आणि मूळ चित्रासमोर उभं राहून दोन्ही पडताळा. निघण्याआधी संग्रहालयाला ईमेल टाकून, चित्र भिंतीवर आहे की कुठल्या प्रदर्शनाला गेलंय, तेवढं विचारून घ्या.